वालचंदांचे बंगळुरातील सोळा महिने

बंगळूर हे नाव मराठी श्रोत्यांच्या कानाला परके नाही. सतराव्या शतकात ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठिकाण होते आणि बालशिवाजीचे पाय त्या गावाला लागले होते, एवढे तर शाळेतल्या पुस्तकानेच आपल्याला सांगितलेले असते. परंतु त्या शहराच्या अर्वाचीन इतिहासात महाराष्ट्रातून गेलेल्या आणखी एका माणसाचे पान आहे, आणि ते सहसा कोणी उघडीत नाही. पान लहान आहे. अवघ्या सोळा महिन्यांचे. २३ डिसेंबर १९४० रोजी 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' या नावाची कंपनी म्हैसूर संस्थानात नोंदली गेली तेव्हा ते सुरू झाले, आणि १९४२ च्या एप्रिल महिन्यात त्या कंपनीतील आपले भाग हिंदुस्थान सरकारच्या स्वाधीन करून शेठ वालचंद हिराचंद बाहेर पडले तेव्हा ते मिटले. कारखाना पुढे वाढला, त्याच्या धावपट्टीवरून बंगळूरची सारी प्रवासी विमाने २००८ पर्यंत ये-जा करीत राहिली, आणि 'हिंदुस्थान एरोनॉटिक्स' हे त्याचे आजचे नाव देशभर सर्वांना ठाऊक आहे. ज्याने तो उभारला त्याची आठवण मात्र त्या मानाने फार थोड्यांना आहे.

उद्योगपतींची चरित्रे सांगताना आपण 'द्रष्टा' हा शब्द सढळ हाताने वापरतो. वालचंदांविषयीही तो नेहमी वापरला जातो. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण त्याने फारसे काही कळत नाही. भविष्य दिसणारी माणसे पुष्कळ असतात, आणि त्यांतील बहुतेकांच्या हातून एक वीटही रचली जात नाही. विमानाचा एक खिळाही ज्याने कधी हातात धरला नव्हता, ज्याने महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर सोडले होते, अशा माणसाने पारतंत्र्याच्या काळात, महायुद्ध चालू असताना, काही महिन्यांत विमानाचा कारखाना उभा केला तो कसा? आणि उभा केलेला कारखाना इतक्या लवकर हातचा गेला तो का? या दोन प्रश्नांचे उत्तर शोधू लागले म्हणजे द्रष्टेपणापेक्षा अधिक उपयोगी अशा काही गोष्टी हाती लागतात. माझ्या मते त्या साऱ्यांचे मूळ एकाच ठिकाणी आहे. वालचंद हे प्रथम कंत्राटदार होते. सोलापूरकडच्या बोलीत सांगायचे तर गुत्तेदार होते. जहाजे, साखर, मोटारी, विमाने हे सारे नंतरचे.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे दिगंबर जैन, मूळचे गुजरातकडचे, पण सोलापुरात मुरलेले. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. या धंद्यात माणूस गादीवर बसतो आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे चालत येते. तरुण वालचंदांना हे मानवले नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी केली. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते आणि नोकरी सोडून लहानसहान कंत्राटे घेऊ लागले होते. एकाकडे रेल्वेच्या कामाची माहिती होती, दुसऱ्याकडे घरची पत आणि धाडस होते. बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गाचे मातीकाम हे त्यांचे सुरुवातीचे काम. सावकाराचा मुलगा एका ब्राह्मण कारकुनाबरोबर माळरानावर मातीचे भराव मोजीत उभा आहे, हे दृश्य त्या काळच्या सोलापुरात पुष्कळांना विचित्रच वाटले असेल.

परंतु मातीकामाच्या कंत्राटात जे शिक्षण मिळते ते कोणत्याही विद्यापीठात मिळत नाही. कंत्राटदार निविदा भरतो तेव्हा काम त्याने केलेले नसते. ते करता येईल असा त्याने केवळ हिशेब केलेला असतो. निविदा मंजूर झाल्यावर माणसे, मुकादम, बैलगाड्या, सुरुंगाची दारू आणि पैसा हे सारे जमवायचे असते. जे ज्ञान आपल्यापाशी नाही ते ज्याच्यापाशी आहे त्याला पगार द्यायचा असतो. मुदत ठरलेली असते आणि ती चुकली तर अनामत रक्कम बुडते. पाऊस आला, मजूर पळाले, खडक निघाला, या सबबी रेल्वेच्या साहेबापुढे चालत नाहीत. आणि सर्वांत शेवटची गोष्ट अशी की, काम पुरे झाले म्हणजे ते दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचे असते. ज्या बोगद्यासाठी दोन-तीन पावसाळे डोंगरात काढले त्या बोगद्यातून आगगाडी दुसऱ्याची धावते.

या शाळेत वालचंदांनी आपल्या उमेदीची सारी वर्षे काढली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणारे मोठे नळ, अशी कामे त्यांच्या आणि पुढे टाटांशी जोडलेल्या कंपनीच्या नावावर आहेत. बंगळुरात त्यांनी जे केले ते या कामांहून जातीने वेगळे नव्हते. माल तेवढा निराळा होता.

मध्यंतरी एक मोठा धडा त्यांना समुद्रावर मिळाला. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. आजही तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पण किनाऱ्यावरील वाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होती. त्यांनी दर इतके खाली आणले की, १९२३ मध्ये सिंदियाला तडजोड करून आपल्या वाहतुकीवर आणि जहाजांच्या वाढीवर दहा वर्षांची बंधने पत्करावी लागली. नरोत्तम मोरारजींच्या मृत्यूनंतर १९२९ पासून वालचंद सिंदियाचे अध्यक्ष झाले. जो धंदा सरकारच्या धोरणावर जगतो त्यात भांडवल आणि हिंमत असून भागत नाही, सरकारची गरज आणि आपली गरज एका क्षणी जुळावी लागते, हे या लढ्यातून त्यांना पुरते उमगले असले पाहिजे. तो क्षण येईपर्यंत थांबायचे आणि आला की एक दिवसही वाया घालवायचा नाही, ही त्यांची पुढची रीत त्याचीच साक्ष देते.

तो क्षण दुसऱ्या महायुद्धाने आणला. १९३९ मध्ये वालचंद मोटारींच्या कारखान्याच्या वाटाघाटींसाठी अमेरिकेला गेले होते. हिंदुस्थानात मोटारी बनविण्याची कल्पना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बरीच वर्षे मांडीत होते आणि वालचंदांनी ती उचलली होती. परतीच्या वाटेवर पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या पॅन अमेरिकन कंपनीच्या विमानात त्यांची विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन गृहस्थाशी गाठ पडली. त्या काळचा तो प्रवास आजच्यासारखा एका रात्रीचा नव्हता. पाण्यावर उतरणारी ती विमाने होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम अशा बेटांवर मुक्काम करीत पाचसहा दिवसांनी पूर्वेला पोचत. इतका वेळ दोन धंदेवाईक माणसे एकमेकांशेजारी बसली म्हणजे हवापाण्याच्या गप्पा लवकरच संपतात. पॉली हे चीनमध्ये चांग कै-शेक यांच्या सरकारसाठी विमाने जुळविण्याचा कारखाना चालवीत होते. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीजवळ लोइविंग येथे तो होता. म्हणजे आशियातल्या एका गरीब, यंत्रविद्येत मागासलेल्या देशात, युद्धाच्या तोंडावर, अमेरिकन यंत्रे आणि स्थानिक कामगार यांच्या बळावर विमाने तयार होत होती, आणि ती तयार करणारा माणूस शेजारी बसला होता. हिंदुस्थानात असा कारखाना काढता येईल काय, असे वालचंदांनी त्याला विचारले.

या भेटीला आपण योगायोग म्हणतो आणि पुढे जातो. मला मात्र येथे थोडे थांबावेसे वाटते. पॉली यांच्याबरोबर त्या वर्षी शेकडो लोकांनी प्रवास केला असेल. मोटारींच्या कामासाठी निघालेला माणूस विमानांविषयी विचारतो, कारण नवे काम दिसले की त्याचा अंदाज घ्यायचा ही कंत्राटदाराची सवय त्याच्या अंगात भिनलेली असते. आणि तो विचारतो तेही कसे? विमान कसे उडते हे नव्हे; कारखाना काढायला काय लागेल, किती लागेल आणि किती दिवस लागतील, हे. आपल्याला सर्व विषय समजल्यावाचून त्यात पडायचे नाही, असा आपल्याकडच्या शिकलेल्या माणसांचा एक बाणा असतो. तो विद्वानाला शोभतो. काम उभे करणाऱ्याला तो परवडत नाही. त्याला एवढेच नीट कळावे लागते की, हा विषय खरोखर कोणाला समजतो.

सरकारने मात्र या योजनेचे स्वागत केले नाही. हिंदुस्थानने विमाने बनवावीत ही कल्पनाच राज्यकर्त्यांना पचत नव्हती, आणि अमेरिकेत मिळणारी यंत्रसामग्री इंग्लंडऐवजी इकडे वळावी हे लंडनच्या विमानखात्याला मुळीच रुचत नव्हते. महिने गेले. मग १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला. भूमध्य समुद्राचा मार्ग धोक्यात आला, पूर्वेकडे जपानची लक्षणे बरी दिसत नव्हती, आणि इंग्लंडहून विमाने येतील या भरवशावर हिंदुस्थानचे संरक्षण सोडणे शक्य राहिले नाही. जी योजना वर्षाच्या आरंभी अव्यवहार्य होती ती वर्षाच्या मध्यावर निकडीची झाली. योजनेत काहीच बदललेले नव्हते. बदलली होती ती दिल्लीची गरज. वालचंदांचे कौतुक करायचे ते येथे की, दिल्लीने होकार दिला तेव्हा त्यांच्याकडे पॉलींशी झालेली बोलणी, खर्चाचे अंदाज आणि माणसांची जुळवाजुळव तयार होती. नकार मिळाल्यावर त्यांनी कागद बासनात बांधून ठेवले नव्हते.

आता जागेचा प्रश्न आला. एखाद्याला वाटेल की, सोलापूरच्या आणि पुण्यामुंबईत वावरलेल्या या माणसाने कारखाना महाराष्ट्रात काढायला हवा होता. त्यांचे महाराष्ट्रावर प्रेम नव्हते असे कोणी म्हणणार नाही. १९२७ मध्ये महाराष्ट्र व्यापारी मंडळाची स्थापना करण्यात त्यांचाच पुढाकार होता, आणि इंदापूर तालुक्यातील उजाड माळावर वालचंदनगर त्यांनीच वसविले. पण विमानाच्या कारखान्याची जागा निवडताना त्यांनी हे प्रेम आड येऊ दिले नाही. ब्रिटिश मुलखात जमीन मिळविणे म्हणजे खात्यामागून खात्याची दारे ठोठावणे होते. म्हणून ते संस्थानिकांकडे वळले. बडोदे, ग्वाल्हेर, भावनगर अशा संस्थानांचा विचार झाला. शेवटी त्यांचे डोळे म्हैसूरवर स्थिरावले.

म्हैसूरचे दिवाण तेव्हा सर मिर्झा इस्माईल होते. १९२६ पासून ते त्या पदावर होते आणि संस्थानात कारखाने आणणे हे त्यांनी आपले व्रतच मानले होते. त्यांनी बंगळूरजवळ सातशे एकर जमीन विनामूल्य देऊ केली, स्वस्त दराने वीज देऊ केली आणि संस्थानचे भांडवलही कारखान्यात घातले. या उदारतेमागे चाळीस वर्षांची तयारी होती, हे विसरता कामा नये. शिवसमुद्रम् येथे कावेरीच्या धबधब्यावर १९०२ पासून वीज तयार होत होती. बंगळुरात टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली विज्ञानसंस्था १९०९ पासून चालू होती. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना संस्थानाने स्वतः काढला होता. शहर समुद्रापासून दूर, सुमारे तीन हजार फूट उंचीवर, म्हणजे शत्रूच्या नौकांपासून सुरक्षित आणि हवा उड्डाणाला अनुकूल. १९४० च्या ऑगस्टात नाल्वडी कृष्णराज वडियार निवर्तले आणि जयचामराजेंद्र गादीवर आले. पण राजा बदलला म्हणून दिवाणांचा शब्द बदलला नाही. संस्थानच्या कारभाराला ही शिस्त होती म्हणूनच वालचंद तेथे गेले. आपण नेहमी नेत्याचे गुण वाखाणतो. तो ज्या घरात पाहुणा म्हणून जातो त्या घराची व्यवस्था क्वचितच पाहतो. मिर्झासाहेबांवाचून बंगळूरचा कारखाना झाला नसता, हे वालचंदांचा मोठेपणा जराही कमी न करता सांगता येते.

कंपनीचे अधिकृत भांडवल चार कोटी रुपये ठरले आणि प्रत्यक्ष भांडवल चाळीस लाख उभे करण्यात आले. कचेरी दोमलूर रस्त्यावरच्या 'ईव्हनटाइड' नावाच्या एका बंगल्यात थाटली. कारखाना उभारण्याची आणि यंत्रे आणण्याची जबाबदारी पॉली यांच्याकडे होती. त्यांनी अमेरिकेतून यंत्रे मिळविली, तंत्रज्ञ आणले, आणि माळावर जमीन सपाट होऊ लागली, छपरे चढू लागली. येथे वालचंदांतला जुना कंत्राटदार पुन्हा दिसतो. इमारत पुरी झाली की यंत्रे, यंत्रे बसली की कामगार, अशी एकामागून एक कामे त्यांनी होऊ दिली नाहीत. सर्व कामे एकदम सुरू झाली. १९४१ च्या मार्चमध्ये हिंदुस्थान सरकारही भागीदार झाले आणि एकतृतीयांश भांडवल त्यांचे झाले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात कारखान्यातून पहिले विमान बाहेर पडले. ते हार्लो जातीचे, शिकाऊ वैमानिकांसाठी असलेले, अमेरिकेहून आलेल्या भागांची जुळणी करून तयार केलेले विमान होते. ते संपूर्ण हिंदी बनावटीचे नव्हते, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. कंपनीची नोंदणी होऊन तेव्हा पुरते वर्षही झाले नव्हते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. इतक्या झपाट्याने उभा राहिलेला कारखाना हातचा का गेला?

याचे एक उत्तर सर्वांना माहीत आहे. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून गेले. हिंदुस्थानच्या पूर्व सीमेवर शत्रू येऊन ठेपला. अशा वेळी लष्करी विमानांचा एकमेव कारखाना खाजगी मालकांच्या मंडळाने चालवावा हे सरकारला गैरसोयीचे वाटू लागले. एप्रिलमध्ये सरकारने वालचंद आणि त्यांचे सहकारी यांचे भाग विकत घेतले आणि व्यवस्थापन आपल्या हाती घेतले. म्हैसूरने आपले भाग ठेवले, पण कारभारात युद्ध संपेपर्यंत लक्ष न घालण्याचे मान्य केले. युद्धाचा वरवंटा, त्यापुढे कोणाचे काय चालणार, असे म्हणून हा विषय मिटविता येतो.

मला हे उत्तर अपुरे वाटते. कारखाना सरकारकडे जाण्याचे बीज युद्धात नव्हते. ते कंपनीच्या पहिल्याच करारात होते. या कारखान्याचे गिऱ्हाईक एकच होते. विमाने घेणार सरकार, पैसे देणार सरकार, अमेरिकेतून यंत्रे आणण्याची परवानगी देणार सरकार. कारखानदाराला एकच गिऱ्हाईक असले आणि तेच गिऱ्हाईक कायदेही करीत असले, तर मालकी कागदावर उरते. त्या गिऱ्हाइकाला जोवर कारखानदार हवा असतो तोवर तो मालक. नंतर तो मध्यस्थ. वालचंदांच्या दुसऱ्या उद्योगांकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. इंडियन ह्यूम पाइप ही कंपनी त्यांनी १९२६ मध्ये काढली. सिमेंट-काँक्रीटचे नळ घेणाऱ्या नगरपालिका शेकडो होत्या. एक रुसली तर दुसरी होती. रावळगावची आणि वालचंदनगरची साखर तर घरोघर जात होती. हे उद्योग त्यांच्या पश्चातही घराण्याकडे राहिले. विमाने आणि जहाजे मात्र राहिली नाहीत. जहाज-बांधणीचा कारखाना सिंदियाने विशाखापट्टणम् येथे काढला, त्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली, १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी तेथे 'जलउषा' पाण्यात सोडली, आणि १९५२ मध्ये तोही सरकारच्या ताब्यात गेला.

हे वालचंदांना कळत नव्हते काय? ज्याने तीस-पस्तीस वर्षे रेल्वेचे, नगरपालिकांचे आणि सरकारचे काम केले त्याला एका गिऱ्हाइकाचा धोका समजत नव्हता असे मानणे म्हणजे त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. मोटारींच्या बाबतीत तर हा अनुभव त्यांना ताजाच होता. मोटारींचा कारखानाही बंगळुरात काढावा अशी बोलणी चालू होती, म्हैसूर सरकार मदतीस राजी होते. पण दिल्लीने त्यात मोडता घातला. एकाच वेळी, एकाच शहरात, एकाच माणसाच्या दोन योजनांपैकी सरकारला हवी होती ती झाली आणि नको होती ती अडली. यापेक्षा स्पष्ट इशारा कोणता हवा? तरीही ते पुढे गेले. माझी समजूत अशी की, त्यांनी जाणूनबुजून ही किंमत मोजली. सुरक्षित उद्योग पाहून पैसा गुंतविणारे व्यापारी मुंबईत पुष्कळ होते. या देशात विमान-कारखाना नाही आणि तो काढण्याची संधी इतक्यात पुन्हा येणार नाही, एवढा एक हिशेब त्यांनी मांडला आणि बाकीचे हिशेब बाजूला ठेवले.

तरीपण त्यांच्यावरचा एक आक्षेप टाळता येत नाही. १९३९ ते १९४१ या दोन-अडीच वर्षांत जहाजे, मोटारी आणि विमाने असे तीन प्रचंड उद्योग त्यांनी एकदम अंगावर घेतले. तिन्ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून, तिन्ही परदेशी ज्ञानावर उभे. गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद या भावांनी इतर व्याप सांभाळले हे खरे. पण माणसाचे लक्ष वाटले गेले म्हणजे वाटाघाटीत त्याचा जोर कमी होतो. १९४२ च्या एप्रिल महिन्याकडेच पाहा. सहा तारखेला जपानी विमानांनी विशाखापट्टणम्‌वर बाँब टाकले, आणि त्याच महिन्यात बंगळूरचा कारखाना सुटला. एकच उद्योग हाती असता तर ते सरकारशी अधिक काळ झगडले असते काय? झगडले असते, असे मला वाटते. आणि झगडून हरले असते, असेही वाटते. मग उरला असता तो एक खटला आणि एक बंद पडलेला कारखाना. त्यांनी मोबदला घेतला, चालू कारखाना चालू स्थितीत सोपविला, आणि ते बाहेर पडले. बोगदा पुरा करून रेल्वेच्या स्वाधीन करणारा माणूस जसा बाहेर पडतो तसे. कंत्राटाच्या धंद्याने त्यांना ही एक विद्या दिली होती, आणि कारखानदारांत ती दुर्मिळ आहे. पुष्कळांचे कारखाने मालकांच्या हट्टापायी मेलेले आपण पाहतो. अर्थात बोगद्याचे कंत्राट घेताना तो आपला नाही हे आधीच ठाऊक असते. बंगळूरचा कारखाना त्यांनी स्वतःचा म्हणून काढला होता. तेव्हा त्या सह्या करताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

कारखाना मात्र थांबला नाही. १९४२ च्या जुलैत तेथून कर्टिस हॉक हे लढाऊ विमान उडाले. १९४३ मध्ये अमेरिकन वायुसेनेने तेथे आपले दुरुस्तीकेंद्र केले, आणि पूर्वेच्या आघाडीवरून आलेली विमाने बंगळूरच्या कामगारांच्या हातांखालून जाऊ लागली. युद्ध संपल्यावर विमानांना मागणी उरली नाही, तेव्हा त्याच कारखान्याने रेल्वेचे संपूर्ण धातूचे डबे बनविले. एरवी कुलूप लागायचे ते असे टळले. रेल्वेच्या मातीकामापासून सुरुवात केलेल्या माणसाचा विमान-कारखाना रेल्वेच्या डब्यांवर जगला, हा इतिहासाचा एक गमतीदार खेळच म्हणायचा.

आणि माणसे तयार झाली. कारखान्याच्या पहिल्या काळातच कोल्हापूरकडचे एक तरुण शास्त्रज्ञ तेथे आले होते. डॉ. विष्णु माधव घाटगे हे त्यांचे नाव. जर्मनीत गॉटिंगेन येथे प्रा. प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्राचा अभ्यास केला होता. त्या विद्येचा उपयोग करता येईल असा कारखाना देशात असण्याचे कारण नव्हते. तो नेमका तेव्हाच निघाला. १९४२ च्या डिसेंबरात बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीतही घाटग्यांचा हात होता. कारखाना नसता तर तो विभाग इतक्या लवकर निघाला नसता, आणि विभाग नसता तर कारखाना परक्या नकाशांवरच काम करीत राहिला असता. १९५१ च्या ऑगस्टात घाटगे आणि त्यांचे सहकारी यांनी आखलेले 'एच. टी. २' हे शिकाऊ वैमानिकांचे विमान त्याच धावपट्टीवरून आकाशात चढले. ते जुळणीचे विमान नव्हते. त्याचा आराखडा बंगळुरात झाला होता.

वालचंद त्या वेळी धंद्याच्या व्यवहारातून निवृत्त झालेले होते. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांचे हिंडणेफिरणे संपले होते आणि १९५० मध्ये सिंदियाचे अध्यक्षपदही त्यांनी सोडले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचा अंत झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात देशातील विमानवाहतुकीच्या कंपन्या सरकारने एकत्र करून आपल्याकडे घेतल्या. त्यांत सिंदियाच्या मालकीची 'एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया' हीही एक होती.